खोलीत लाइटखाली मिरची: बियापासून पहिल्यांदा लावणाऱ्यासाठी

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. मोबाईलवर इनडोअर ग्रोइंग म्हणून सर्च मारलं की निम्मे व्हिडिओ बाहेरच्या देशातल्या गांजावाल्यांचे येतात, तंबू, जांभळे लाइट, चार्ट वगैरे, आणि मग आपल्या विदर्भातली पोट्टे विचारतात का भाऊ एखादं झाड घरात लावलं तं काय होते. होते काय, तं १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे, विनापरवाना गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे, विकलं नाही विकलं हा प्रश्नच नंतरचा, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. तो विषय इथंच संपला. पण त्या व्हिडिओतली लाइट, पंखा, हवा, कुंडी ही जी जमवाजमव आहे ती मिरचीला मस्त लागू पडते, आणि मिरची आपल्या घरात रोज लागते, म्हणून हे मिरचीवर लिहून राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, घरी वावर असताना खोलीत मिरची लावाची काय गरज. गरज नाही. पण वावर दूर असते, डुकरं-माकडं काही ठेवत नाही, वावरात बोकड्या, म्हणजे पानं आकसायचा रोग, आला की अख्खी मिरची जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा कॉलेजातून आलेल्या पोरीला एका कोपऱ्यात चार कुंड्या सांभाळणं जमते. शिवाय भिवापुरीसारखं जुनं बियाणं शुद्ध ठेवाचं असन तं बंद खोली ही बेस्ट जागा आहे, ते खाली सांगतो. आणि कास्तकाराले खोलीतली मिरची जड जाते ती त्याला शेती येते म्हणूनच. वावरातला हात खोलीत चालत नाही. काळी माती, भरपूर पाणी, मूठभर खत, पंपानं फवारा, या चारही सवयी खोलीत रोप मारतात. ज्याला शेतीतलं काहीच येत नाही त्याची मिरची पहिल्याच खेपेत जमते, आणि वीस एकरवाला कुंडीतल्या रोपापुढं डोकं धरून बसते, हे पाहिलेलं आहे.

कधी सुरू करावं

पोळा, तान्हा पोळा आटोपला की बी टाका. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर. तोवर पावसाचा जोर ओसरत येते, खोलीत २५ ते ३० डिग्री आपोआप असते आणि मिरचीच्या बियाला उगवायला नेमकं तेवढंच लागते. बी टाकल्यापासून फूल यायला अडीच-तीन महिने, आणि फुलापासून हिरवी मिरची तोडण्याजोगी व्हायला अजून महिनाभर. म्हणजे दिवाळीच्या आगंमागं झाडं अंगानं भरलेली आणि संक्रांतीपर्यंत हातात मिरची. मार्चमध्ये बी टाकणारे दरवर्षी भेटतात, कारण तेव्हा वावरातलं काम उरकलेलं असते नं. पण मग झाड फुलावर येते मे-जूनमध्ये, बाहेर ४५ डिग्री, टिनाच्या खोलीत त्याहून जास्ती, आणि ३५ च्या वर गेलं की मिरची फुलं गाळते. झाड हिरवंगार दिसते आणि मिरची एक नाही. मे मध्ये इनडोअर फक्त त्यानं करावं ज्याच्या खोलीत कूलर दिवसभर चालते.

जागा

टिनाची खोली नको, स्लॅबची किंवा कौलाची बरी. खिडकी असन तं दक्षिणेची पाहा, हिवाळ्यात ऊन तिकडूनच आत येते, नोव्हेंबर ते जानेवारी दुपारचं तीन-चार तास ऊन फुकटात भेटते. खिडकी नसली तरी चालते, मग सगळा भार लाइटवर. जागा किती? चार कुंड्यांना दोन बाय चार फूट पुष्कळ झाली. जुना लोखंडी रॅक, धान्याच्या कोठीवरची फळी, काहीही चालते. ज्या खोलीत सोयाबीन-कापूस भरून ठेवता ती मात्र टाळा, किडे तिथूनच येतात, आणि उंदीर तं येतातच. उंदराला मिरचीचं बी आणि कोवळं रोप दोन्ही आवडते, ट्रेवर जाळी झाकून ठेवजा. पाली मारू नका, त्या आपल्या बाजूनं आहेत.

वायरिंग नीट करा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, कुंडीच्या वरच्या उंचीवर भिंतीला ठोका, आणि वायर बोर्डात जायच्या आधी खाली लोंबू द्या म्हणजे पाणी ओघळलं तरी तिथंच टपकते, बोर्डात घुसत नाही. ओल्या हातानं प्लग काढायचा नाही हे लहान पोरांना सांगून ठेवा.

बियाणं

कृषी केंद्रात पुडी घेताना तीन गोष्टी पाहायच्या, लॉट नंबर, टेस्टची तारीख आणि वैधता. पुडीवर उगवण किती टक्के ते लिहिलेलं असते, मिरचीला कमीत कमी ६० टक्क्यांचा नियम आहे, म्हणजे दहा बियांतून सहा उगवले तं कंपनीनं फसवलं असं समजू नका. त्यामुळं चार झाडं पाहिजे असतील तं दहा-बारा बिया टाका.

कोणती घ्यावी? कुंडीत ठेंगणी, आटोपशीर झाडं बरी. पुसा ज्वाला सगळीकडं भेटते, पहिल्यांदा तीच घ्या. पुसा सदाबहारला वर तोंड केलेल्या मिरच्यांचे झुपके लागतात आणि तिचं झाड दोन-तीन वर्षं टिकते, तेही खोलीसाठी मस्त. भिवापुरी आपल्या नागपूर जिल्ह्याचीच, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तिला, पण खात्रीचं बी दुकानात सहज भेटत नाही, भिवापूर-उमरेडकडं जे कास्तकार अजून लावतात त्यांच्याकडून घ्या. हायब्रीड एफ-वन घेतलं तरी हरकत नाही, झाड जोमदार येते, फक्त त्याच्या मिरचीतलं बी पुढच्या वर्षी धरू नका, तशीच मिरची येईल याची गॅरंटी नाही. भूत झोलकियासारखी भन्नाट तिखट जात पहिल्याच वर्षी नको. तिचं बी उगवायलाच कधीकधी महिना घेते आणि नवा माणूस दहाव्या दिवशी ट्रे उकरून पाहते.

घरच्या डब्यातल्या लाल मिरचीचं बी चालते का? छतावर वाळवलेल्या घरच्या मिरचीचं चालते बहुतेक वेळा. बाजारातली भट्टीत वाळवलेली असन तं उगवत नाही. पुडीतलं बी गुलाबी-लाल रंगाचं असन तं त्याला औषध लावलेलं आहे, हात धुवा आणि ते बी पोरांच्या हाती देऊ नका.

माती, म्हणजे माती नाहीच

आपली काळी कसदार जमीन कपाशीला सोनं आहे, कुंडीत ती काळ आहे. ओली झाली की फुगते आणि हवा बंद, वाळली की कुंडीच्या कडा सोडून आकसते आणि मग वरून टाकलेलं पाणी कडेनं सरळ खाली निघून जाते, मूळ कोरडंच. वावरात खाली दहा फूट जागा असते म्हणून झाकून जाते, दहा इंचाच्या कुंडीत नाही झाकत. म्हणून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याची वीट भेटते, ६५० ग्रॅमची एक वीट भिजवली की सात-आठ लिटरच्या आसपास भुसा होते. तो भुसा कपड्यात घेऊन साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवून पिळायचा, त्यात क्षार असतात, न धुता वापरला तं रोपांच्या पानांच्या कडा जळतात.

बी टाकायच्या ट्रेसाठी तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळ खत, बस. मोठ्या कुंडीसाठी चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळ खत आणि तीन भाग काहीतरी भरड, जे पाण्याला वाट देते. परलाइट, म्हणजे हलके पांढरे खनिजाचे दाणे, शहरात भेटते, महाग आहे. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना राइस मिलचा जळका तूस फुकटात नाही तं नाममात्र किमतीत भेटते, तो परलाइटपेक्षा मला जास्त आवडते. तेही नसन तं धुतलेली जाड रेती. शेणखत वापरायचं असन तं पूर्ण कुजलेलं, चहापत्तीसारखं भुरभुरीत झालेलं, नाही तं त्याच्यासोबत हुमणीच्या अळ्या खोलीत येतात आणि कुंडीतल्या मुळ्या खाऊन बसतात.

पाण्याचंही इथंच सांगून टाकतो. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातले असाल तं बोअरचं पाणी कुंडीला देऊ नका. वावरात पावसानं क्षार धुवून जातात, कुंडीत पाऊस पडत नाही, मीठ साचतच जाते. पत्र्यावरचं पावसाचं पाणी ड्रमात भरून ठेवा, सप्टेंबरपर्यंत सहज भरते, चार कुंड्यांना हिवाळाभर पुरते, फक्त झाकण घट्ट, मच्छर होतात. ड्रम संपला तं गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी अर्धं आणि बोअरचं अर्धं. बाकी जिल्ह्यात जिथं पाणी गोड आहे तिथं एवढी कटकट नाही.

बी टाकणं

रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, आठ ते बारा तास, जास्त नको. थोडा ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी, असन तं भिजवलेल्या बियाला चिमूटभर चोळा, औषध लावलेल्या बियाला गरज नाही. मग प्रो ट्रे, म्हणजे रोपांचा खणाखणाचा ट्रे, नाही तं चहाचे कागदी कप घ्या, कपाच्या बुडाला दोन-तीन भोकं पाडा, भुसा भरा, हलकं दाबा, अर्धा सेंटीमीटर खोल बी ठेवा आणि वरून भुरभुरीत भुसा टाका. प्रत्येक कपात एकच बी. दोन-दोन टाकून नंतर उपटताना जीव होत नाही आणि मग दोन्ही झाडं अर्धमेली राहतात.

पाणी वरून नाही द्यायचं. परातीत बोटभर पाणी घ्या, कप त्यात ठेवा, वीस मिनिटांत भुसा खालून पाणी ओढून घेते, वरचा भाग ओलसर दिसला की काढून घ्या. वरून प्लास्टिक झाका म्हणजे ओल टिकते. या वेळी लाइट लागत नाही, ऊब लागते. सप्टेंबरमध्ये खोलीची ऊब पुरते. उशीर झाला आणि नोव्हेंबर लागला तं रात्रीचा गारठा बाधते, मग ट्रे फ्रिजच्या वर ठेवा, तिथं कायम कोमट असते. इन्व्हर्टरवर ठेवू नका, पाण्याचं आणि बॅटरीचं जमत नाही.

सात ते चौदा दिवस लागतात. रोज प्लास्टिक उघडून हवा द्या, पण उकरून पाहू नका बाप्पा. पहिली वाकडी मान वर दिसली की त्याच दिवशी प्लास्टिक काढायचं आणि लाइटखाली न्यायचं, उद्या नाही, त्याच दिवशी. कोणाच्या डोक्यावर बियाची टोपी अडकून राहते, पाण्याचा एक थेंब ठेवा, मऊ होऊन गळते, नखानं ओढली तं मुंडकंच तुटून येते.

लाइट

सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जाते. ऑनलाइन हजार वॅटचा म्हणून जो जांभळा लाइट विकतात तो खरा किती वॅट वीज खाते ते पाहा, ते लिहिलेलंच नसते किंवा बारीक अक्षरात असते. मिरचीला जांभळं पाहिजे असं काही नाही, साधा पांढरा एलईडी तिला चालते. रोपं लहान असताना चार फुटी २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब पुरतात, ६५०० के लिहिलेल्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या, गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात भेटतात त्याच. फक्त त्या छताला नाही टांगायच्या. रोपाच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, दोरीनं अशा बांधा की रोप वाढन तसं वर ओढता आलं पाहिजे. लाइट दूर असला की रोप उंच, बारीक, दोऱ्यासारखं होऊन लोळते, आणि घरचे म्हणतात पाहा किती भरभर वाढून राहिलं. ती वाढ नाही, ते उजेड शोधून राहिलं.

रोज १४ ते १६ तास. उरलेला वेळ पूर्ण अंधार, झाडालाही रात्र लागते. टायमर लावा, पण एक गोष्ट लक्षात घ्या, तो जो स्वस्तातला गोल फिरणारा टायमर असते तो लाइन गेली की थांबते आणि लाइन आली की जिथं थांबला तिथूनच सुरू होते. आपल्याकडं दिवसातून दोन तास लाइन गेली तं आठवड्याभरात त्याचा सकाळचा सहाचा लाइट रात्री आठला लागून राहिला. आतमध्ये छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग आहे, तोच घ्या. दोन-चार तासांच्या लोडशेडिंगनं मिरचीचं काही बिघडत नाही, इन्व्हर्टरवर लाइट चालवायची गरज नाही.

झाडं मोठी झाली, कळ्या आल्या की दोन ट्यूबचं काम राहत नाही. दोन बाय दोन फुटाला खरे ८० ते १०० वॅट पाहिजे. म्हणजे आणखी ट्यूब वाढवा किंवा चांगला एलईडी पॅनल घ्या, किंवा कुंड्या दिवसा दक्षिणेच्या खिडकीत आणि संध्याकाळी लाइटखाली, हे जुगाडही चालते. हॅलोजन नको, शेकून निघते. बिलाचा हिशोब असा, १०० वॅट रोज १४ तास म्हणजे १.४ युनिट, महिन्याचे ४२ युनिट. तुमचं घर महिन्याला ८० युनिटवर असन तं हे धरून १०० च्या वर जाते आणि महावितरणचा पुढचा स्लॅब लागते, वरच्या युनिटचा दर एकदम वाढते. ते आधीच घरात सांगून ठेवा, बिल आल्यावर नाही.

हिवाळ्यात एक युक्ती करा. लाइट दिवसा लावण्याऐवजी संध्याकाळी सहा ते सकाळी आठ लावा आणि दिवसा पडदा ओढून खोली अंधारी ठेवा. डिसेंबरच्या रात्री बाहेर पारा दहाच्या खाली जाते, लाइटची थोडी ऊब झाडाला नेमकी तेव्हा भेटते. खिडकीच्या उन्हावर भिस्त असन तं अर्थात हे जमणार नाही, दोन्हीपैकी एक ठरवा.

पहिला महिना आणि पाणी

रोपं इथंच मरतात. देठ जमिनीला टेकते तिथं पाणचट होऊन बारीक पडते आणि काल उभं असलेलं रोप आज आडवं. यालाच मर म्हणतात, बुरशीचं काम आहे, आणि बुरशीला बोलावणं आपण पाठवतो, रोज सकाळी चहासोबत ग्लासभर पाणी टाकून. आडवं झालेलं रोप उभं राहत नाही, ते कपासकट बाहेर फेका, बाकीच्यांचं पाणी दोन दिवस बंद करा, पंखा लावा.

खोलीत ऊन नाही, वारा नाही, म्हणून पाणी उडतच नाही. वावरात सकाळी दिलेलं पाणी दुपारी गायब होते, खोलीत ते चार दिवस तिथंच असते. दिवस मोजून पाणी देऊ नका, कप उचलून पाहा. भरलेला कप आणि कोरडा कप यातला वजनाचा फरक दोन दिवसांत हाताला कळते. हलका लागला तरच द्या, आणि खालूनच. मोठ्या कुंडीत गेल्यावर वरून द्या, बुडातून थोडं निघेपर्यंत द्या, आणि खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. दुपारी पानं जराशी लोंबली आणि कुंडी हलकी असन तं तहान आहे. पानं लोंबली आणि कुंडी जड असन तं मुळ्या गुदमरून राहिल्या, तिथं आणखी पाणी टाकलं की खेळ खलास.

पंखा छोटा, यूएसबीचा पण चालन, रोपावर सरळ नाही, बाजूच्या भिंतीवर वारा मारा म्हणजे पानं हलकी थरथरतात तेवढं. देठ त्यानं जाड होते आणि बुरशीला ओल भेटत नाही.

कुंडी बदलणं आणि खत

पहिली दोन गुळगुळीत लांबट पानं ती बियातली. त्यानंतर येतात ती खरी. खरी चार-सहा पानं झाली आणि कपाच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली की सहा इंची कुंडीत हलवा, साधारण महिना-सव्वा महिन्यात, मग अजून महिनाभरानं दहा-बारा इंचीत. एकदम मोठ्या कुंडीत लहान रोप टाकलं तं कुंडीतलं पाणी ते पिऊ शकत नाही आणि तळाशी सडते. हलवताना रोप देठाला धरून ओढू नका, पानाला धरा, पान तुटलं तं दुसरं येते. टमाटरचं रोप मानेपर्यंत गाडतात तसं मिरचीला करू नका, जेवढं आधी होतं तेवढंच.

खताबद्दल वावरातला हात आवरा. युरिया-डीएपी खोलीत आणूच नका. दोन खरी पानं येईपर्यंत काहीच नाही, बियात आणि गांडूळ खतात तेवढं असते. मग १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मोठ्या कुंडीत गेल्यावर लिटरला एक ग्रॅम. अर्धा ग्रॅम मोजायचा कसा? पाच ग्रॅम दहा लिटरच्या बकेटीत. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून एका आठवड्यात १९:१९:१९ आणि दुसऱ्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम. दोन्ही एकाच पाण्यात कधीच नाही, साका धरते आणि दोन्ही वाया. कॅल्शियम कमी पडलं किंवा पाणी कधी ओव्हर कधी कोरडं झालं की मिरचीच्या टोकाला भुरकट, चामड्यासारखा डाग पडते, लोक त्याला रोग समजून फवारत बसतात. खालची पानं शिरा हिरव्या ठेवून मधात पिवळी झाली तं मॅग्नेशियम कमी आहे, एप्सम सॉल्ट लिटरला एक ग्रॅम द्या. कुंडीच्या काठाला पांढरं मीठ दिसलं की एक-दोनदा नुसतं साधं पाणी भरपूर देऊन बुडातून वाहू द्या. फूल लागल्यावर नत्र कमी करा, १३:०:४५ किंवा ०:५२:३४ आपल्याकडं ड्रिपवाल्यांच्या घरी पडलेलंच असते, त्यातलं चिमूटभर आणा. नत्राचा मारा चालूच ठेवला तं झाड झुडूप होते आणि मिरची देत नाही.

शेंडा खुडायचा का? आठ-दहा पानांवर मिरची स्वतःच दोन फांद्या फोडते, तिथंच पहिलं फूल येते. ते पहिलं फूल तोडा, मन घट्ट करून. खुडणं बाकी गरजेचं नाही.

फुलं

खोलीत मधमाशी नाही. पण मिरचीचं फूल स्वतःचं स्वतःला फळवते, फक्त पराग हलला पाहिजे, वावरात ते वारा करते. फुलं उमलली की सकाळी फांदीला बोटानं टिचकी मारा, रोज, एवढंच. पंखा चालू असन तं अर्धं काम तोच करते. फूल गळून राहिलं तं आधी थर्मामीटर पाहा, औषध नाही. रात्री १५ च्या खाली किंवा दिवसा ३५ च्या वर असन तं कोणतंच टॉनिक काम करणार नाही.

किडे

खोलीत किडा येणार नाही असं वाटते. येते. कपड्यावर येते, वावरातून आलेल्या माणसावर येते, बाजारातून आणलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीवर येते. म्हणून वावरातून आल्यावर आंघोळ करून मगच कुंड्यांना हात लावा. पानं वरच्या बाजूला नावेसारखी वळली तं फुलकिडे, थ्रिप्स. खालच्या बाजूला उलटी वळली आणि देठ लांबले तं कोळी. पानं बारीक, गोळा होऊन झाड खुरटलं आणि पांढरी माशी दिसली तं व्हायरस, ते झाड उपटा आणि खोलीबाहेर नेऊन जाळा, त्याला इलाज नाही. मावा दिसला तं पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा.

पिवळे आणि निळे चिकट सापळे एक-एक टांगून ठेवा, निळ्यावर थ्रिप्स येतात, पिवळ्यावर पांढरी माशी आणि मावा, किडा आला हे आठ दिवस आधी कळते. मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडं लिक्विड साबण नाही तं तेल पाण्यात मिसळत नाही, पानांच्या खालच्या अंगाला, लाइट बंद झाल्यावर. पाच-सात दिवसांनी परत. एका फवाऱ्यात जात नाही, अंडी राहतात.

आणि ऐका, कपाशीचं उरलेलं औषध खोलीत आणू नका, झाकणभर पण नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, ती उघड्या वावरात. ज्या खोलीत पोरं झोपतात, पीठ ठेवलेलं असते, त्या बंद खोलीत पंप मारणार का? चार कुंड्या आहेत, नाही जमलं तं कुंडी फेकून द्या.

तोडा आणि बी

हिरवी तोडत राहिलं की झाड आणखी फुलते, झाडावर लाल ठेवली की फुलोरा मंदावते. म्हणून खायच्या हिरव्या कात्रीनं कापा, ओढू नका, फांदी येते सोबत. बियासाठी एका झाडावर चार-पाच मिरच्या पूर्ण लाल होऊ द्या. खोलीत एकच जात असन तं भेसळ होत नाही, वावरात मधमाश्या शेजारच्या हायब्रीडचा पराग आणून टाकतात, म्हणून भिवापुरी जपायची असन तं बंद खोली बेस्ट म्हटलं ते याच्यासाठी. पूर्ण लाल मिरची चिरून बी काढा, सावलीत आठवडाभर वाळवा, कागदाच्या पुडीत जातीचं नाव आणि महिना लिहून घट्ट डब्यात ठेवा. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, तिखट पाण्यानं जात नाही, आधी तेल चोळा मग साबण, आणि तोवर डोळ्याला हात नको.

मार्च लागला की

झाडं काढून टाकू नका. मार्चच्या शेवटी फांद्या एक-तृतीयांश ठेवून छाटा, खत बंद, पाणी कमी, लाइट दहा-बारा तासांवर आणा आणि ज्या खोलीत कूलर आहे तिथं कोपऱ्यात सरकवा, कूलरच्या सरळ झोतात नाही. एप्रिल-मे झाड नुसतं जगवायचं. मृगाचा पाऊस पडून जमीन थंड झाली की कुंड्या अंगणात काढा, पण पहिल्या दिवशी उन्हात नाही, आधी दोन-तीन दिवस ओसरीत, मग सकाळचं तासभर ऊन, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण बाहेर. लाइटखाली वाढलेलं पान कोवळं असते, सरळ उन्हात ठेवलं तं दोन तासांत पांढरं पडते. बाहेर गेलेली कुंडी परत खोलीत आणायची असन तं आधी दोनदा निंबोळी मारून, पंधरा दिवस वेगळी ठेवून मग आणा.